तापीकाठचे चार दिवस

सुरतेस जाणारे बहुधा कापड आणावयास जातात. आम्ही उभयता नाताळानंतर गेलो, ते तेथे नोकरीस असलेल्या मुलाकडे. सांगण्यास हवापालट होता. खरे पाहता, तापीकाठी घर घेण्यासाठी वसईची वाडी विकावी काय, हा त्याचा प्रश्न होता.

नदी आम्हांस परकी वाटली नाही. मुलताईस उगम पावून, भुसावळवरून, आपल्या खानदेशचेच पाणी घेऊन ती येथवर येते. थंडीत तिच्या काठी कोवळ्या ज्वारीचा पोंक विकतात. लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर तो खाल्ला म्हणजे हुरड्याची आठवण होते. एक दिवस डुमसला गेलो. तापी जेथे सागरास मिळते, त्याच्याजवळचे हे गाव. वाळू काळी, आणि टोमॅटोची भजी प्रसिद्ध! नावाला आम्ही हसलो, मात्र दोन पुडे संपविले.

ज्या पोर्तुगीजांचा किल्ला वसईकर रोज पाहतात, त्यांच्याच स्वाऱ्यांना आळा घालण्यासाठी खुदावंद खानाने येथील किल्ला १५४६ च्या सुमारास बांधला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा कापुचिन मिशनरी फादर अँब्रोज यांच्या निवासास धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेविले आहे. मुलास हे ठाऊक नव्हते. पण त्याचे लक्ष घराच्या नकाशात होते.

घर चांगले होते, नदीचा वाराही येत होता. परंतु शेजारच्या इमारतीतील एका वृद्ध गृहस्थांनी जिन्यालगतच्या भिंतीवर पाण्याची रेघ दाखविली. ती आमच्या डोक्याच्या वर होती. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला होता, तेव्हाची ती खूण.

“बाबा, आपले घर चौथ्या मजल्यावर आहे,” मुलगा म्हणाला.

“आणि दूध, औषध? तेही चौथ्या मजल्यावरच मिळते काय?” त्याच्या आईने विचारले.

आमचे मत आम्ही त्याच रात्री सांगितले: काही वर्षे भाड्याने राहा. केळी, विहीर व बावखल यांसह वाडी एकदा गेली, की पुन्हा घेणे आपल्या ऐपतीबाहेरचे आहे. तो वाद घालता तर बरे वाटले असते. तो गप्प राहिला. स्टेशनवर मात्र नानखटाईचा डबा हाती देत म्हणाला, मे महिन्यात येतो, वाडीचे कागद काढून ठेवा.