बाबांची पाच मिनिटं

आमच्या विजयनगरच्या सोसायटीच्या तळघरात रोज सकाळी सव्वासहाला एक गाडी सुरू व्हायची आणि बरोबर पाच मिनिटांनी बंद व्हायची. गाडी माझी. चालू करणारे माझे बाबा, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

आई गेल्यावर बाबा मिरजेहून आमच्याकडे बंगळुरूला आले आणि महिनाभरातच, मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागलं. सगळ्यांच्या गाड्या जागच्या जागी. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, गाडी अधूनमधून चालू करा, नाहीतर बॅटरी बसेल. बाबांनी ते काम आपणहून अंगावर घेतलं. कन्नड येत नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि डोळ्यांमुळे स्टिअरिंग मीच त्यांच्या हातून काढून घेतलेलं. त्या पाच मिनिटांना ते 'ड्यूटी' म्हणायचे. लॉकडाऊन उठलं, ड्यूटी काही उठली नाही. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये मेट्रोची जांभळी लाइन थेट व्हाइटफील्डपर्यंत जोडली गेली आणि मी ऑफिसला गाडी न्यायचं सोडून दिलं. आता गाडी पूर्णपणे बाबांची झाली. फक्त ती कुठे जात नव्हती.

वर्षभरानं सर्व्हिसिंगला नेली, तेव्हा गॅरेजवाल्यानं इंजिन ऑइल भरायचं झाकण उघडून माझ्यासमोर उलटं धरलं. आतून सायीसारखा पिवळट, चिकट थर.

"मॅडम, गाडी फिरत नाही का?"

"फिरत नाही, पण आम्ही रोज चालू करतो," मी जरा अभिमानानंच सांगितलं.

तो हसला. "त्यानंच झालंय हे."

मग त्यानं हात पुसत मला जे समजावलं ते असं. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिनातलं बरंचसं तेल ओघळून तळाच्या भांड्यात उतरतं. वरच्या भागांवर उरतो तो नुसता पातळ थर. किल्ली फिरवल्यावर पंप तेल पुन्हा वर पोचवतो, पण त्याला क्षणभर तरी लागतोच. तेवढ्या वेळात धातूवर धातू घासतो. हाच ड्राय स्टार्ट. आणि घासणं तिथेच संपत नाही; इंजिन नीट तापेपर्यंत झीज जास्तच असते. लांब पल्ल्यावर निघालेली गाडी एकदाच ही झीज सोसते आणि मग तासन् तास सुखात चालते. आमची गाडी वर्षाला तीनशे पासष्ट वेळा सोसत होती, शून्य किलोमीटरसाठी.

शिवाय पाण्याची गोष्ट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इंजिन तापलेलं असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत इंजिन कुठलं तापायला? पाणी आतच साचतं, न जळलेलं थोडं पेट्रोलही तेलात उतरतं, तेल पातळ आणि निकामी होतं. ती साय म्हणजे तेल आणि पाण्याचं लोणी. आणि बॅटरी? स्टार्टर जेवढं खातो, तेवढं पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये भरून निघेलच असं नाही.

त्यानं तेल बदललं. नवा फिल्टर बसवण्याआधी त्यात थोडं तेल ओतून घेतलं. कोरडा फिल्टर लावला तर पहिला स्टार्ट सगळ्यात कोरडा होतो म्हणे. (फिल्टर उभा बसत असेल तरच हे जमतं. आडव्यातून सगळं हातावर सांडतं.) कंपनीनं सांगितलेलं ५डब्ल्यू-३० भरलं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा लहान तितकं तेल थंड असताना लवकर वर चढतं. बाबांचा आग्रह नेहमी 'जाड तेल टाक' असा. तो मी त्याला सांगितलाच नाही.

घरी येऊन दोन दिवस मी गप्प होते. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगून टाकलं. बाबांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे वर्षभर मी तिची वाटच लावत होतो."

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला तळघरात काही वाजलं नाही. बाबा खोलीतून बाहेरच आले नाहीत.

खरं तर त्यांची सवय चुकीची नव्हती, गाडी बदलली होती. त्यांच्या पद्मिनीला चोक ओढून गरम होऊ द्यावंच लागायचं, नाहीतर पहिल्याच वळणावर ती बंद पडायची. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांना, त्यात बंगळुरूच्या हवेत, अर्धा-एक मिनिट पुरतं. तेलाचा लाल दिवा विझला की हळू निघायचं आणि पहिले काही किलोमीटर जोर करायचा नाही. हे शेवटचं तर मला बाबांनीच शिकवलेलं. चालू करताच मी ॲक्सिलरेटर दाबला की म्हणायचे, "अगं, झोपेतून उठवून लगेच पळायला लावतेस का कुणाला?"

ते वाक्य आठवलं म्हणून शनिवारी रात्री मी किल्ली त्यांच्या उशाशी ठेवली. "उद्या सकाळी बिडदीला तट्टे इडली खायला जायचंय. मी चालवणार, पण इंजिनाचं तुम्ही बघायचं."

बिडदी म्हैसूर रोडवर, आमच्यापासून साधारण तीस किलोमीटर. सकाळी रस्ता मोकळा असतो. पहिल्या रविवारी बाबा पुढच्या सीटवर घड्याळ धरून बसले होते. "दिवा गेला. थांब. आता चल. हळू." केंगेरी मागे पडेपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या गाड्यांना ओव्हरटेक करू दिलं नाही. केंगेरीनंतर म्हणाले, "आता तापली. दाब."

आठवड्यातून एकदाच गाडी निघते, पण तासाभराहून जास्त फिरते. बाबांनी एक वही केली आहे, तारीख आणि किलोमीटर लिहितात. पुढची सर्व्हिसिंग किलोमीटरवर न जाता वर्ष झालं की करायची, हेही पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलंय. झाकण ते महिन्यातून एकदा उघडून बघतात आणि मलाही बघायला लावतात.

गेल्या रविवारी धो धो पाऊस होता. मी पांघरुणातूनच म्हणाले, आज राहू दे. सव्वासहाला दारावर टकटक.

"इडली राहू दे हवं तर," बाबा म्हणाले, "केंगेरीपर्यंत तरी चल."