दख्खनच्या पाच रात्री

टूर कंपन्यांच्या जाहिरातीत तीन शब्द हमखास असतात. साइटसीइंग, ॲक्टिव्हिटीज आणि नाइटलाइफ. पहिले दोन शब्द आपल्या घरांत कोणाला खटकत नाहीत. तिसरा आला की वाचणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो. नाइटलाइफ म्हणजे दारू, डीजे आणि धिंगाणा, असं आपण धरून चालतो आणि त्या एका शब्दापायी अख्खी रात्रच खोडून टाकतो. बायकांची सहल मगरिबला संपते. लॉजवर परत, दाराला कडी. पुरुष मंडळी मात्र "जरा चहा पिऊन येतो" म्हणून दोन तास शहर बघून येतात.

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सोलापूरहून निघालो. विजापूर, गुलबर्गा, बीदर आणि हैदराबाद, सहा दिवस आणि पाच रात्री. मी, आमचे हे, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई ज्यांना आम्ही अम्मी म्हणतो, बारावीतली थोरली आणि सातवीतला धाकटा. भाड्याची गाडी, ओळखीचा ड्रायव्हर. सहलीमागे एक कारण होतं. थोरलीला बारावीनंतर हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात शिकायचं आहे. ती विषय काढायची, तिचे अब्बू "बघू" म्हणायचे. आपल्या घरांत "बघू" म्हणजे काय, हे वाचक भगिनींना सांगायला नको.

शेवटी अम्मीच म्हणाल्या, "शहर बघायचं तर सगळ्यांनी मिळून बघा. आणि रात्री बघा. दिवसा सगळीच शहरं भली असतात."

म्हणून ठरलं, की प्रत्येक मुक्कामी इशाची नमाज झाली की सगळ्यांनी तासभर पायी फिरायचं. अम्मींनीसुद्धा.

पहिला मुक्काम विजापूर. सोलापूरपासून अंतर जेमतेम शंभर किलोमीटर, पण अम्मींनी आयुष्यात गोल घुमट पाहिला नव्हता. लग्नाआधी वडिलांनी नेलं नाही आणि लग्नानंतर घरातून सवड मिळाली नाही. फजर पढून निघालो, म्हणून शाळांच्या सहली यायच्या आत पोहोचलो. हे आवर्जून करा, कारण नंतर वरच्या सज्जात इतका गलका होतो की कुजबुज ऐकू येण्याची मजाच उरत नाही. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर १६५६ च्या सुमारास पुरी झाली. घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा, आणि आत आधाराला एकही खांब नाही. चारही भिंतींतून निघालेल्या कमानी एकमेकींना छेदतात आणि त्या छेदांवर हा सगळा भार तोलला आहे. कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याचा अरुंद जिना अम्मी बसत बसत चढल्या. वर गेल्यावर धाकट्याने भिंतीला तोंड लावून पलीकडच्या टोकाला बसलेल्या दादीला हळूच सलाम केला. अम्मींनी दचकून मागे पाहिलं आणि मग सलामाचं उत्तर दिलं. तेही घुमून परत आलं.

दुपारी मलिक-ए-मैदान तोफ पाहिली. सिंहाच्या जबड्यात हत्ती, असं तिचं तोंड. ती ओतली आपल्या अहमदनगरला, १५४९ मध्ये. संध्याकाळी इब्राहिम रोजा. दुसरा इब्राहिम आदिलशाह स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेणारा, संगीताचा वेडा. त्याने दखनी भाषेत 'किताब-ए-नवरस' लिहिली. मी वर्गात एका तासाला मराठी आणि दुसऱ्या तासाला उर्दू शिकवते. त्या दोन तासांमधली भाषा दखनी आहे, हे मुलांना सांगताना दरवेळी मजा वाटते. आपण घरात "नक्को" म्हणतो तो मराठीचा "नको". "मैंच करी" मधला "च" तर सरळ मराठीचा. रात्री बाजारात फिरताना एका फळवाल्याशी कानडी येत नाही म्हणून अम्मी दखनीत बोलल्या, तर त्याने त्याच बोलीत उत्तर दिलं. पुढे पाचही रात्री हेच झालं. रस्ते नवे होते, बोली घरचीच होती.

दुसरा मुक्काम गुलबर्गा. बहमनी राज्याची ही पहिली मोठी राजधानी, १३४७ पासूनची. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची आहे. मशिदीला मोकळं अंगण असतं, हिला नाही. सगळी मशीद छताखाली, वर एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये लहान लहान घुमटांच्या रांगा. आत कमानींखाली उभं राहिलं की उन्हातून आल्याचं विसरायला होतं.

संध्याकाळी ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यात गेलो. दर्ग्यावर जाण्याबद्दल आपल्या घरांत मतं वेगवेगळी आहेत, त्या वादात मी शिरत नाही. १४२२ मध्ये वफात पावलेल्या या बुजुर्गांच्या नावावर दखनीतलं अगदी सुरुवातीचं गद्य सांगितलं जातं. संशोधकांत त्यावर वाद आहे, पण भाषेच्या शिक्षिकेला तिथे जावंसं वाटणारच. मला तिथली रात्र लक्षात राहिली. इशा होऊन गेली होती तरी आवारात बायका निवांत बसल्या होत्या. कोणी डबा उघडलेला, कोणी बाळाला थोपटतेय, दोन म्हाताऱ्या पाय पसरून गप्पा मारतायत. कोणी त्यांना "चला, उशीर झाला" म्हणत नव्हतं. याच दर्ग्याशी जोडलेल्या शिक्षण संस्थेचं मुलींचं महाविद्यालयही गुलबर्ग्यात आहे. ही माहिती मी यांच्या कानावर घातली. हे "हूं" म्हणाले. "बघू" पेक्षा "हूं" बरं.

तिसरी रात्र बीदरची. दिवसा किल्ला पाहिला, रंगीन महालातलं शिंपल्यांचं जडावकाम पाहिलं. एका छोट्या दुकानात बिदरी काम कसं होतं ते धाकट्याने तासभर बसून पाहिलं. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, छिन्नीने नक्षी कोरतात आणि त्यात चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवतात. धातू काळाकुट्ट होतो, चांदी तशीच पांढरी राहते. कारागीर मातीची चिमूट जिभेवर ठेवून तिचा कस ओळखतात, हे ऐकून धाकट्याने लगेच हात पुढे केला. त्याला आवरावं लागलं.

रात्री चौबाऱ्यापासून किल्ल्याच्या रस्त्याने चालत निघालो. वाटेतच महमूद गावानचा मदरसा लागतो. रात्री आत जाता येत नाही, पण रस्त्यावरून त्याची मोठी काळी आकृती आणि शिल्लक राहिलेला मिनार दिसतो. इराणातून आलेल्या या वजिराने १४७२ मध्ये मदरसा बांधला. तीन मजले, निळ्या-हिरव्या चिनी फरशा, ग्रंथालय, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना राहायला खोल्या. पुढे १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या कारस्थानात सुलतानाने गावानला ठार केलं. आणखी दोनशे वर्षांनी स्फोटात मदरशाचा मोठा भाग पडला. मी मुलांना सांगत होते, की लांबलांबून मुलं इथे शिकायला यायची आणि इथेच राहायची.

थोरली म्हणाली, "म्हणजे अब्बू, हे सगळे हॉस्टेलमध्येच राहायचे."

हे काही बोलले नाहीत. बराच वेळ मिनाराकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "मुलगे होते ते."

"हौ," अम्मी म्हणाल्या, "आणि त्यांच्या आया घरी जागत होत्या. मुलगा असो की मुलगी, आईला झोप लागत नाहीच."

चौथ्या दिवशी हैदराबाद. मुहम्मद कुली कुतुबशाहाने १५९१ मध्ये वसवलेलं शहर आणि त्याच सालचा चारमिनार. उर्दूत स्वतःचा दीवान असलेला पहिला कवी म्हणून आम्ही त्याला वर्गात शिकवतो. रात्री नऊला आम्ही लाड बाजारात होतो. निखाऱ्यावर लाख मऊ करून तिची वळी गोल फिरवायची, गरम असतानाच एकेक खडा चिमट्याने बसवायचा, असं बांगडीचं काम डोळ्यांसमोर चाललेलं. भाव करण्यात अम्मी आम्हा सगळ्यांच्या वरताण निघाल्या. बुरख्यातल्या, साडीतल्या, जीन्समधल्या बायकांची इतकी गर्दी, की आपण बाई म्हणून रात्री बाहेर आहोत, हे मला आठवावं लागलं.

इराणी चहाच्या हॉटेलात उस्मानिया बिस्किटं घेऊन बसलो. शेजारच्या टेबलावर चार मुली, पाठीवर सॅक, डोक्यावर ओढण्या. त्यातली एक फोनवर चक्क मराठीत बोलत होती. चौकशी केली तर नांदेडची निघाली, इथे शिकायला आलेली. यांनी तिला बाप विचारतो तसे सगळे प्रश्न विचारले. हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं? उशीर झाला तर काय? आजारी पडलीस तर कोण? पोरगी न कंटाळता उत्तरं देत होती. गेटची वेळ पाळतो, एकटीने नाही, गटाने येतो, वॉर्डनचा नंबर घरी दिलेला आहे. "भीती नाही वाटत?" यांनी शेवटी विचारलं. ती म्हणाली, "पहिला महिना वाटली अंकल. मग रस्ते कळले."

पाचव्या दिवशी गोवळकोंडा. दरवाज्यात टाळी वाजवली की वर बाला हिसारला ऐकू येते, ते मुलांनी दोन गट करून पडताळलं. संध्याकाळी थोरलीला घेऊन गच्चीबावलीला विद्यापीठाच्या बाजूला गेलो. परतताना हुसेन सागराच्या काठावर दिव्यांच्या उजेडात कणसं खाल्ली. तीच आमची नाइटलाइफ. जाहिरातवाल्यांना ती फिकी वाटेल. सहाव्या दिवशी सालारजंग संग्रहालयातलं वाजणारं घड्याळ बघून परतीला लागलो. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, बेत आखताना ध्यानात ठेवा.

भगिनींना दोन कामाच्या गोष्टी सांगते. पुरुषांना वाटेत कुठलीही मशीद चालते, आपल्याला वुजू आणि नमाजची जागा शोधावी लागते. त्यामुळे हलकी जानमाज आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवा. प्रवासात जुहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात, ही सवलत अल्लाहने थकलेल्या मुसाफिरासाठीच दिली आहे. आणि रात्री फिरायचं ते गजबजलेल्या रस्त्यावर, सगळ्यांनी मिळून, परतीची सोय आधी ठरवून. एवढं केलं की मगरिबनंतर कडी लावून बसायची गरज नाही.

रात्र सगळीकडे सारखी नसते, हे मलाही कळतं. एका हॉटेलातल्या चार हसऱ्या मुली पाहून शहराची हमी मिळत नाही. पण घरात बसून जी भीती वाटते तिला आकार नसतो. रस्त्यावर उतरल्यावर तिचे प्रश्न होतात, आणि प्रश्नांना उत्तरं शोधता येतात. गेट किती वाजता, बस कुठून, वॉर्डन कोण. आमच्याकडे आता फ्रिजवर अशा प्रश्नांचा कागद चिकटवलेला आहे. अक्षर यांचं आहे. परवा थोरलीने प्रवेशाच्या अर्जाचा विषय काढला, तेव्हा हे "बघू" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तारीख कळली की मला आठवण कर."

अम्मी तर आता पुढच्या सुट्टीत औरंगाबाद, खुलदाबाद आणि दौलताबाद म्हणतायत. मुक्काम किती, असं मी विचारलं. त्यांनी मुक्काम नाही, रात्री मोजून सांगितल्या.