तांदळाची बादली

आमचे घर बोळिंजला आहे. विरारहून आगाशीला जाताना हे गाव लागते. आता येथे उंच इमारती झाल्या. पण अम्मीची जुनी सवय सुटली नाही. दरवर्षी मे महिन्यात ती पावसाळ्यासाठी तांदळाची बेगमी करते. तिला वाड्याचा कोलम लागतो. या तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मी ही बातमी सांगितली, तर ती म्हणाली, "चव आम्हाला आधीच ठाऊक होती!"

गेल्या वर्षी आमच्या पत्र्याच्या कोठीला गंज चढला. त्याच सुमारास घराला रंग दिला होता. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या उरल्या होत्या. वीस लिटरच्या, घट्ट झाकणाच्या. अम्मीने त्या साबणाने घासल्या, उन्हात वाळवल्या. मग एकीत नाक घालून म्हणाली, "बेटा, थोडा वास येतो का रे?"

मी बादली उलटी केली. बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा होता. "पाच म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. चांगले प्लास्टिक आहे," मी वर्गात सांगतो तसे सांगितले. तिने माझे ऐकले आणि तीस किलो तांदूळ भरला.

ऑगस्टमध्ये झाकण उघडले. तांदळाला रंगाचा वास! तीन पाण्यांनी धुतला, तरी भाताला तोच वास. सगळा तांदूळ टाकावा लागला. अम्मी रागावली नाही, गप्प बसली. ते मला जास्त लागले.

त्रिकोणातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. बादलीत आधी काय होते, ते सांगत नाही. २ आणि ५ आकड्यांचे प्लास्टिक अन्नाच्या डब्यांसाठी वापरतात, हे खरे. पण रंगाची बादलीही त्याच प्रकारची असू शकते. प्लास्टिक आतल्या वस्तूचा अंश शोषून घेते. तो साबणाने निघत नाही. म्हणून बादली कोरी हवी, आणि तिच्यावर पेला व काटा यांचे चिन्ह हवे. ते अन्नासाठी योग्य असल्याची खूण आहे.

यंदा आम्ही दोघे विरारच्या बाजारात गेलो. दुकानदाराने एक स्वस्त, लाल बादली पुढे केली. तिच्यावर चिन्ह नव्हते. दुसरीवर होते. मी ती अम्मीच्या हातात दिली. तिने झाकण काढून वास घेतला, मान हलवली. मगच मी पैसे दिले.

घरी तांदूळ चांगला वाळवला, थंड होऊ दिला. ओलसर तांदूळ बंद बादलीत ठेवला तर बुरशी येते.

रंगाच्या बादल्या अजून अंगणात आहेत. एकीत मोगरा लावला आहे, दुसरीत पागोळ्यांचे पाणी साठते.