तारेचे दुसरे टोक

आखातात गेलेल्या कोकणी मुसलमानाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. त्याचा पैसा, त्याचा एकटेपणा, गावात त्याने बांधलेली आणि अकरा महिने कुलूप असलेली घरे. नवऱ्याच्या व्हिसावर त्याच्यामागून गेलेल्या शिकलेल्या बायकांचा विषय मात्र सहसा निघत नाही. मी त्यांतलीच एक. बी.एड., खेड तालुक्यातील विनाअनुदानित उर्दू शाळेत सात वर्षे नोकरी, आणि २०१९ पासून शारजा. येथे आल्यावर पदवी कपाटात गेली, ती २०२० च्या टाळेबंदीत बाहेर निघाली.

आमच्या गावातील उर्दू शाळा आठवीपर्यंतच. पुढे हायस्कूलसाठी एस.टी.ने जायचे, आणि बऱ्याच मुलींचे शिक्षण त्या एस.टी.च्या थांब्यावरच थांबते. अशा पाच मुली यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसणार आहेत. त्यांची शाळा म्हणजे मी आठवड्यातून पाच दिवस घेते तो तासभराचा वर्ग. त्यांच्याकडे संध्याकाळचे सात, माझ्याकडे साडेपाच. येथे लाइन गेली की तिकडे शाळेला कुलूप लागते. मग 'नेट नव्हतं' हे कारण त्यांच्या घरी आयतेच मिळते, आणि दोन-तीनदा मिळाले की मुलगी भाकऱ्या करायला बसते.

येथील इंटरनेट वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. इमारतीत फायबर आहे. ती कोणाच्या नावावर आहे, हा खरा प्रश्न. पहिली काही वर्षे आम्ही 'शेअरिंग'मध्ये राहिलो. एका फ्लॅटमध्ये तीन कुटुंबे, आणि भाड्याचा करार एकाच्याच नावावर. त्यामुळे लाइन त्याची, राउटर त्याच्या खोलीत. जाहिरातीत 'वायफाय फुकट' लिहिलेले असे. संध्याकाळी माणसे कामावरून परतली की कोणी सिनेमा लावी, कोणी क्रिकेट, आणि माझ्या वर्गात मुलींचे चेहरे तोंड उघडे ठेवून थिजत. एकदा अंकल खोलीला कुलूप लावून दोन दिवस अबूधाबीला गेले. राउटर बंद पडला, तो ते येईपर्यंत बंदच राहिला.

लायब्ररीत जा, असे एका बाजीने सुचवले. शारजा २०१९ साली युनेस्कोची जागतिक ग्रंथ राजधानी होती. त्या निमित्ताने बांधलेले 'बैत अल हिकमा' हे ग्रंथालय डिसेंबर २०२० मध्ये उघडले. इमारत पाहून डोळे निवतात. पण ग्रंथालयात बोलायचे नसते, आणि शिक्षिकेचे तर सगळे कामच बोलण्याचे.

शेवटी २०२२ मध्ये आम्ही एका खोलीचे का होईना, स्वतःच्या नावावरचे घर घेतले. भाडे वाढले. हे म्हणाले, "इंटरनेटसाठी घर बदललं असं गावात सांगू नकोस, लोक हसतील." लाइनचा करार दोन वर्षांचा, मधेच सोडली तर दंड. तिची जाहिरात होते ती माल उतरवून घेण्याच्या वेगाची. शिकवणाऱ्याला लागतो पाठवण्याचा वेग, तो आधी विचारून घ्यावा. दुसरे असे की शेजारच्या दहा घरांच्या वायफायच्या गर्दीत आपले वायफाय गुदमरते. मी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत साधी वायर टाकली, आणि वर्षानुवर्षांचा त्रास अर्ध्यावर आला.

उर्दू शिकवणाऱ्याची अडचण जरा निराळीच आहे. बे, ते आणि से यांत फरक फक्त नुक्त्यांचा. चित्र धुरकट झाले की सर्वांत आधी नुक्ते जातात, मागे नुसती होडी उरते. आवाज दबला की सीन आणि शीन एक होतात. म्हणून मी धडा हाताने मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो दुपारीच पाठवते, आणि वर्गात कॅमेरा बंद ठेवते. नुसत्या आवाजाला फार थोडे इंटरनेट पुरते. डोंगराच्या बाजूला राहणाऱ्या मुलीच्या मोबाइललाही तेवढे झेपते. तो मोबाइल तिच्या भावाचा, हे वेगळेच.

मग कायदा. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून मेसेज जातो, पण बोलता येत नाही. मुलींच्या आयांना व्हॉट्सअॅपच ठाऊक. त्या फोन करतात, येथे घंटी वाजते, मी उचलते, आणि दोन्हीकडे शांतता. माझ्या अम्मीला वाटे, लेक रागावली आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर सरकारने झूम आणि टीम्सला वाट मोकळी करून दिली, त्यावरच माझा वर्ग उभा आहे. "व्हीपीएन टाका, सगळे टाकतात," असे सांगणारे रोज भेटतात. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी खोटा पत्ता वापरला तर येथे दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो. नुसते बोलणे त्यात बसते की नाही, याचा कीस वकिलांनी काढावा. नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईने तो काढू नये. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने खाजगी शिकवणीसाठी दोन वर्षांचा विनाशुल्क परवाना सुरू केला, तेव्हा इमारतीतल्या मुलांसाठी मी तो काढला. त्या कागदावर माझ्या नावापुढे 'शिक्षक' छापलेले आहे. त्याची एक प्रत मी अम्मीला पाठवली.

माझे अब्बा कुवेतला होते. त्यांचा आवाज आमच्याकडे कॅसेटमध्ये येई, सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या पेटीतून. आता आवाज समुद्राच्या तळातून येतो. केबल इकडे फुजैरात उतरतात, तिकडे मुंबईत वर्सोव्याला, आपल्या कोळ्यांच्या दारात. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या. दोनच दिवसांनी दुबई आणि ओमानच्या दरम्यान तिसरी तुटली, समुद्रात टाकून दिलेल्या एका नांगराने. सप्टेंबर २०२५ मध्ये जिद्दाजवळ तांबड्या समुद्रात पुन्हा तेच झाले. शारजा ते खेड ही वाट तिकडून जात नाही, असे कोणी म्हणेल. पण वर्ग चालवणारे यंत्र ज्या देशात असेल तेथवर आवाजाला जाऊन यावे लागते, आणि एक रस्ता बंद झाला की उरलेल्यांवर गर्दी होते. त्या आठवड्यात माझे वाक्य मुलींपर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोहोचत होते. तिसऱ्या दिवशी मी धडे आवाजात भरून व्हॉट्सअॅपवर पाठवले. रात्री केव्हातरी उतरवून घ्या, म्हटले. पाचपैकी चौघींनी सकाळपर्यंत गणिते सोडवून त्यांचे फोटो पाठवले. पाचवीच्या भावाला रात्रपाळी होती, मोबाइल त्याच्याबरोबर गेला होता.

भूमितीतले त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन हे दोन धडे अजून व्हायचे आहेत. लाइनचा करारही परीक्षेच्या आधीच संपतो. घरमालकाने भाडेवाढीचा कागद दाराखालून सरकवला आहे, आणि हे तो दोन दिवस न वाचता खिशात घेऊन हिंडत आहेत.