आधी कानी, मग पानी

मोबाईल हा अभ्यासाचा वैरी, अशी आमची पक्की समजूत होती. गतवर्षी मेहकरच्या एस. टी. स्थानकावर आमचा एक विद्यार्थी कानात यंत्र घालून बसलेला दिसला. आम्ही त्यास चारचौघांत रागे भरलो. तो बिचारा मान खाली घालून उभा राहिला. पुढे त्याचा निबंध वाचला, तो वर्गात सर्वांत सरस! विचारले तेव्हा कळले की, सौमित्र पोटे यांच्या ‘मित्रम्हणे’ या पॉडकास्टवरील कलावंतांच्या मुलाखती तो नित्य ऐकतो. आम्हांस आमचीच लाज वाटली.

खरे तर मेहकरकरांस हे नवे नव्हे. येथील कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता १९३० च्या दशकात जी. एन. जोशी यांच्या कंठातून ध्वनिमुद्रिकेवर आली आणि घरोघरी पोहोचली. त्याच नावाचा काव्यसंग्रह मात्र १९५४ साली निघाला. महाराष्ट्राने हा कवि आधी ऐकला, मग वाचला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्याची ५६ गीते लोकांनी आठवड्यामागून आठवडे वाट पाहून ऐकली. पॉडकास्ट हा त्याच घराण्यातला नातू होय.

म्हणून मुलांनो, मुलाखती ऐका, ‘गीतरामायण’ ऐका. पण ऐकून झाल्यावर दहा ओळी अवश्य लिहा. पालकहो, रागावण्यापूर्वी “काय ऐकतोस, बाळ?” एवढे विचारा. आम्ही ते विचारले नाही. त्याबद्दल त्या मुलाची क्षमा मागितली, तीही चारचौघांतच.