तिसरी पिन

भिंतीतल्या तीन भोकांवरून आमच्या घरात गेल्या पावसाळ्यात आठ दिवस अबोला होता, असे सांगितले तर कुणाला खरे वाटायचे नाही.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता इगतपुरीस येऊन राहिलो. वडिलांच्या तबकड्या वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून होत्या. त्या ऐकायच्या म्हणून चिरंजीवांनी पुण्याहून अँप्लिफायर, दोन स्पीकर आणि तबकडीचे यंत्र पाठवले. हिराबाई बडोदेकरांची तबकडी लावली, तो हिराबाईंच्या आधी स्पीकरनेच सूर लावला, ‘हूंऽऽ’! विजेच्या सेकंदाला पन्नास फेऱ्यांचा तो सूर. पांढरी पाचच्या जवळपास लागतो म्हणे. हिराबाईंचा षड्ज एक, विजेचा दुसरा. ऐकणाऱ्याने जायचे कुठे?

“बाबा, सॉकेट बदला. हौशी लोक हजारो रुपयांची बसवतात,” चिरंजीवांनी फोनवर सांगितले. चौकशी केली. त्यांतली बरीच अमेरिकी इस्पितळांच्या धर्तीची, हिरवा ठिपका असलेली. खुबी एवढीच, की पिना घट्ट धरतात आणि अर्थिंग सोडत नाहीत. पण ती चपट्या पिनांची, १२० व्होल्टची; आपली वीज २३०ची. बाजारातल्या दुकानदाराने गिझरचे १६ अँपिअरचे सॉकेट पुढे केले. म्हणे, आवाज दमदार येतो! आमचे यंत्र खाते दीडशे वॉट, म्हणजे पाऊण अँपिअरसुद्धा नाही.

तिसरा सल्ला एका वायरमनने दिला. तो फुकट होता, म्हणून मी घेतला. “साहेब, प्लगची वरची जाड पिन काढून टाका.” काढली. हूं गेले. आठ दिवस मी हिराबाई ऐकल्या आणि स्वतःला मोठा इंजिनिअर समजलो.

इगतपुरीचा जुलै म्हणजे उशा ओल्या, काडेपेटी ओली, बरणीतले मीठसुद्धा ओले. नवव्या दिवशी ही ओल्या फडक्याने अँप्लिफायर पुसत होती. ओरडली नाही, नुसते “अगं आई” म्हणाली आणि मनगट धरून खाली बसली. हात कोपरापर्यंत बधिर. मी पाणी आणायला धावलो. बटण बंद करायचे सुचले ते नंतर. संध्याकाळी तिने माझ्या खणातली ती पितळी पिन शोधून काढली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली. बोलली काहीच नाही.

शेजारी रेल्वेच्या विजेकडून निवृत्त झालेले मिस्त्री राहतात. पूर्वी मुंबईकडून आलेली १५०० व्होल्टची डी. सी. इगतपुरीस संपे आणि पुढे २५,००० व्होल्टची ए. सी. लागे, आता, २०१५ पासून, मध्य रेल्वेवर मुंबईपर्यंत सगळी ए. सी.च आहे. अशा विजेशी जन्म काढलेला माणूस! त्यांनी पिन तळहातावर घेतली. “साहेब, ही बाकीच्या दोघींपेक्षा लांब का? आत शिरताना पहिली, निघताना शेवटची. पेटीवर उतरलेली वीज हिच्यातून जमिनीत जाते. तुम्ही वाट तोडलीत, ती वहिनींच्या हातातून गेली.”

मग त्यांनी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून पाहिला. दिवा निखाऱ्यासारखा लाल, मंद. म्हणजे पिन असती तरी फारसे संरक्षण नव्हतेच! खाली काळा कातळ, वर हातभर माती. घर बांधणाऱ्याने पट्टी नावापुरती पुरली होती. ओल असेल तिथे खोल खणून पत्रा, कोळसा, मीठ घातले. दोन दिवस मजूर घामाघूम झाले. दिवा लख्ख पेटला.

आणि हूं? अँप्लिफायर एका भिंतीवर, तबकडीयंत्र समोरच्या भिंतीवर. दोघांच्या अर्थच्या तारा निराळ्या वाटांनी जात आणि मधल्या आवाजाच्या तारेने त्यांचा फास पुरा होई. त्या फासात ते हूं. मिस्त्रींनी आय. एस. आय. शिक्क्याची, पिन ओढताना जोर लागावा अशी साधी ६ अँपिअरची सॉकेटे एकाच बोर्डावर बसवली, अँप्लिफायर दुरुस्तीला धाडला, आला तेव्हा नवा तीन पिनांचा प्लग लावला.

त्या रात्री हिराबाई एकट्या गायल्या. ही दारात उभी राहून ऐकत होती. दुसरी बाजू लावायला तिनेच सांगितले. पेटी पुसायचे काम मात्र तेव्हापासून माझ्याकडे आहे, कोरड्या फडक्याने, आणि ती समोर उभी असताना.