भोपळ्याची पावरी

डी.एड.साठी मी जळगावहून धुळ्याला गेलो, तेव्हा अठरा वर्षांचा होतो. सोबत गादी, आईनं दिलेलं लोणचं आणि वडिलांची पेटी. पेटी म्हणजे हार्मोनियम बरं का! तिच्यामुळे वसतिगृहात माझा चांगलाच रुबाब होता.

खोलीतला जोडीदार साक्री तालुक्यातला, डोंगरपट्ट्यातल्या कोकणा समाजाचा. बोलायचा कमी. त्याच्या खुंटीला वाळलेल्या भोपळ्याचं काहीतरी टांगलेलं असे. "काय रे, भाजीला आणलास का?" मी सगळ्यांदेखत विचारलं. सारे हसले. तो नाही हसला. पंधरा दिवस आमचं बोलणं बंद!

तेव्हा भारनियमनाचा फार जाच होता. एका रात्री दिवे गेले आणि गच्चीवरून सूर आला. तोच भोपळा! ती पावरी होती. सूर तुटतच नव्हता. हा श्वास घेतो तरी कधी? जवळ जाऊन पाहिलं, तर गालात साठवलेला वारा सोडता सोडता तो नाकानं श्वास घेत होता.

मी पेटी वर नेली. पण त्याचा सूर काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मधेच कुठंतरी! तो अहिराणीत म्हणाला, "तुनी पेटी हालत नही, मनी पावरी बी हालत नही. मंग?"

मग काय, पेटी ठेवली आणि बादली उपडी घातली. माझा केरवा त्याच्या चालीत बसेना. तो पायानं ठेका दाखवी, मी चुके, तो पुन्हा दाखवी. दिवे आले तरी आम्ही उठलो नाही.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे संगीतकारही असेच लहान वयात, मुंबईत मंगेशकरांच्या सुरील कला केंद्रात भेटले. एकाचं मेंडोलिन, दुसऱ्याचं व्हायोलिन. पुढे १९६४ च्या 'दोस्ती' चित्रपटाला त्यांनीच संगीत दिलं. त्याची गोष्टही गाणाऱ्या-वाजवणाऱ्या दोन मुलांचीच. पण त्यांची वाद्यं जुळवून घेता येत. आमची नव्हती!

मार्गशीर्षात तो मला डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाला गावी घेऊन गेला. रात्रभर पावरीवर माणसं नाचत होती. ती पावरी त्याच्या आजोबांनी केलेली, हे मला तिथं कळलं. मान वर करवेना.

आज तोही गुरुजी आहे, मीही. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "बादली शे का?" भाजीच्या त्या बोलण्याबद्दल माफी मागायची मात्र राहूनच गेली. त्याच्या शाळेत हे साप्ताहिक जातं, म्हणून इथं लिहितो आहे.